जमा न झालेली बंदूक

१. कापसाचा बोळा

डबा उघडला आणि रतिलालचा हात हवेतच राहिला. निळ्या मखमलीत चार खाचा, बंदुका तीन. चौथ्या खाचेत कापसाचा बोळा, हळूच दाबून बसवलेला.

"तोतारामची नाही," तो म्हणाला.

जळगावात, रतिलालच्या छापखान्याच्या माळ्यावर, १९९२ च्या श्रावणातल्या एका रविवारी दुपारी हे घडलं. जुन्या गावातल्या देवळात लीलाधरबुवा बोदवडकरांच्या कीर्तनाचा सप्ताह होता, आणि बुवांचा पेटीवाला म्हणून मीही त्यांच्याबरोबर रतिलालकडे उतरलो होतो. जेवण झाल्यावर बुवा आडवे होतात, तो नेम. पण त्या दिवशी वरून फासे पडल्याचा आवाज आला आणि साठीचे बुवा पोरासारखे जिना चढले.

वर एक मोठा पट मांडला होता. मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं, काही हिरवी, काही तांबडी. खेळाचं नाव 'पैलगाव'. दुसऱ्याच कुठल्या सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावर पृथ्वीची माणसं वसाहत करतात, वावरं काढतात, रात्री रानातून येणाऱ्या सहा पायांच्या जनावरांपासून पीक राखतात. हा खेळ रचला आधार सोनवणेनं. तो धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला, दर रविवारी एसटीनं जळगावला यायचा. खेळात तो सूत्रधार: नियम त्याचे, निकाल त्याचा. नियम अजून कागदावर उतरले नव्हते, सगळे त्याच्या डोक्यात.

खेळणारे दोघंच उरले होते, रतिलाल आणि सावद्याचा केळीचा व्यापारी छगन. तिसरा तोताराम. वेल्डिंगच्या कामाला कुवेतला गेला. नव्वदच्या ऑगस्टात तिथं रणगाडे शिरले, माणसांनी भरलेली विमानं मुंबईला उतरली, त्यात तो नव्हता. मेल्याची खबर नाही, असल्याचीही नाही. त्याची बायको सुनंदा दर रविवारी येऊन त्याच्या जागेवर बसायची. खेळायची नाही, नुसती बघायची.

बोटाएवढ्या त्या सागवानी बंदुका तोतारामनंच कोरलेल्या. रतिलालची चांदीची तार जडवलेली दुनळी, छगनची छऱ्याची, त्याची स्वतःची ठासणीची, आणि एक कुणी नवा वसाहतकरी आला तर त्याच्यासाठी.

"तोताराम दोन वर्षांत एकही पाळी खेळला नाही," आधार बुवांना समजावत होता. "नियमाप्रमाणे आज त्याची बंदूक ठाण्यात जमा व्हायची होती." पटाच्या कोपऱ्यात एक चौकोन होता, त्यावर लिहिलं होतं 'ठाणं'. "जमा झाली की धनी गेला असं धरायचं, आणि वावर बाकीच्यांत वाटायचं."

"नदीकाठचं वावर," रतिलाल छगनकडे बघत म्हणाला. "कुणाचा डोळा होता त्यावर, सगळ्यांना ठाऊक आहे."

छगन ताडकन उठला. "मले चोर म्हन्तो? अरे, मी केळीच्या गाड्या सोडून रविवारचा इथी येतो, ते चोऱ्या कराले?" त्यानं आपली बंदूक पटावर आपटली. "चोर सापडल्याबिगर मी पायरी चढनार नाही."

तो जिना उतरला. सुनंदाही उठली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. "आज संपेल म्हणून आले होते मी," ती हळूच म्हणाली. "आज एकदाचं ठरेल म्हणून."

माळा रिकामा झाल्यावर बुवा डब्यापाशी बसले आणि कापसाचा बोळा दोन बोटांत धरून मला म्हणाले, "गुलाबराव, चोर पळायच्या घाईत असतो. मग या चोरानं जाता जाता कापूस कशाला भरला?"

२. सावद्याचा संशय

पुढच्या रविवारी सप्ताहाची सांगता. त्याआधी हा गुंता सुटावा अशी बुवांची इच्छा. "चार माणसं प्रेमानं एकत्र बसतात, तीही सत्संगाचीच जात," ते म्हणाले. "ती मोडू द्यायची नाही."

आधी घरच्याच यजमानाला विचारलं. रतिलाल पावतीपुस्तकांची गठडी बांधत होता. "बुवा, मला दिवाळीला हा खेळ छापून काढायचाय. पण आधारची अट आहे, तोतारामचं काहीतरी ठरल्याशिवाय छापायचा नाही. माझं तर कामच अडलंय!"

"बंदूक सापडलीच नाही तर रविवारी काय होईल?"

"होतंय काय? दुसरी करून घेऊ. गावात सुतार काय कमी आहेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सावद्याला गेलो. छगन ट्रकपाशी उभा राहून केळीचे घड चढवून घेत होता. आम्हाला पाहून त्यानं बाजेवर सतरंजी टाकली.

"आबा, तुम्ही बी मलेच धराले आलात का?"

"चहा प्यायला आलो," बुवा म्हणाले. "नदीकाठचं वावर हवं होतं ना तुला?"

"व्हय. खोटं काहाले बोलू? दोन वर्सापासून पडीक पडलं. पडीक वावर पाहिलं की जीव तुटतो, मंग ते खरं असो की पटावरचं." त्यानं मानेचा घाम पुसला. "तोतारामशी तर मी दर रविवारी भांडो. त्याले म्हनो, ही ठासनीची काहाले घेतली? बाहेरच्या खेळात किरनं फेकनाऱ्या बंदुका असतात. बटन दाबलं की डोंगर साफ! आपल्यात आधारनं हे गावठी लोढणं दिलं."

"मग आधार काय म्हणाला?"

"म्हने, किरनाच्या बंदुकीले कारखाना लागतो, आन कारखाना राह्यला पृथ्वीवर. यान येईन तवा येईन. वसाहतवाल्याची बंदूक अशी पाहिजे का गावच्या लोहाराले खोलता आली पाहिजे. फौजेची बंदूक मानसासाठी, वावरातली बंदूक जनावरासाठी. मानसावर रोखली का खेळातून बाद." छगन हसला. "आमच्या रावेरच्या वरच्या अंगाले, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळी राखाले लोक परवान्यावर ठेवतात ना, तश्शीच उचलून त्यानं आभाळात नेली. परवाना, ठाणं, बठ्ठं!"

"बरं, ती सापडली नाही तर रविवारी काय होईल?"

"काय व्हनार? आधार तोतारामचं नाव खोडीन आन वावर वाटलं जाईन. बंदुकीवाचून कोनाचं अडतं?" एकदम त्याचा आवाज खाली आला. "पन आबा, खरं सांगू? वावर भेटलं असतं तरी मी त्याच्यात केळीच लावली असती. तोताराम तिथी केळीच लावो. दुसरं काही लावाले हात धजला नसता."

परतताना गाडीत अर्ध्या वाटेवर बुवा म्हणाले, "या माणसानं परवा आपली बंदूक कशी ठेवली, पाहिलंस?"

"आपटली."

"आपटणारा माणूस कापूस भरत नाही. मग आता राहिलं कोण?"

३. बालवाडीतली बाई

सुनंदाबाईंच्या बालवाडीत पोरं डबे खात होती. बुवांना पाहून एक पोरगी म्हणाली, "बाई, पोथीवाले बाबा आले," आणि सगळी वळली. बाईंनी आम्हाला ओसरीवर बसवलं.

बुवांनी आढेवेढे घेतले नाहीत. "बाई, बंदूक तुम्ही तर घेतली नाही? नवऱ्याच्या हातची वस्तू. घेतली असली तर त्यात पाप नाही."

"त्यांच्या हातचं सगळं घरातच आहे, बुवा. पाट, पोळपाट, देव्हाऱ्याची कमान. मला ती बोटभर बंदूक कशाला?" तिनं पदर सारखा केला. "उलट मीच आधारभाऊजींना म्हटलं होतं, नियम लावा. एकदा ठरवून टाका."

"कशासाठी?"

तिनं एका पोराचं तोंड पुसलं, दुसऱ्याचा डबा लावला. मग वळली तेव्हा शाळेतली भाषा गळून पडली होती आणि माहेरची वर आली होती.

"मना धनी जित्ता शे का नई, माले कोनीबी सांगत नई, बुवा. सासरना लोके म्हनतस, कुकू पुस. मनी माय म्हनस, पुसू नको. दिल्लीले कागद धाड्यात, बठ्ठा वाया. धा जागा फिरनू. कोठे तरी एक जागा पाहिजे ना, जठे ठरी जाई? मी म्हनं, बाकी कोठे नई तर त्या पटवर तरी ठरू दे."

शेजारी कुणी पोर रडायला लागलं. तिनं त्याला उचलून कडेवर घेतलं.

"आणि बंदूक सापडलीच नाही तर, बाई? रविवारी काय होईल?"

"होणार काय? त्यांच्या नावाची पाटी पटावरून उचलतील. मला तेवढंच पुरतं. बंदूक असो नसो." तिचा स्वर पुन्हा सरळ झाला होता. "त्या दिवशी भांडण झालं नि राहून गेलं, इतकंच."

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "बुवा, हिनं नाही घेतली."

"नाही," बुवा म्हणाले. "आणि आता मला भीती वाटायला लागली. धुळ्याची गाडी कितीची आहे?"

४. वाजणारा नंबर

आधार एक्स्चेंजच्या बाहेर लिंबाखाली भेटला. "जय भीम, बुवा."

"जय भीम, बाबा. रामकृष्णहरि."

त्यानं आम्हाला बाकावर बसवलं आणि स्वतः उभाच राहिला. सडपातळ, चष्मा, खिशात टेस्टरचं टोक. खेळाबद्दल विचारलं तेव्हा फुलला. पैलगावच्या जनावराला कान नसतात, ते जमिनीतून आवाज ऐकतं, म्हणून तिथं बार उडवण्यापेक्षा बंदुकीचा दस्ता जमिनीवर आपटणं जास्त कामी येतं, असं काय काय सांगत राहिला. त्याचं ऐकताना मला वाटलं, हा माणूस तिथं राहूनच आलाय.

"तोतारामला तिथं कसं करमायचं?" बुवांनी विचारलं.

"तो म्हणायचा, आधार, या गावात मला कुणी आडनाव विचारत नाही." तो थांबला. "मी तोच विचार करून गाव वसवलं होतं. न सांगता त्याला कळलं. बाकीच्यांना वावर दिसलं, बुवा. त्याला गाव दिसलं."

आत कुठंतरी घंटी वाजली. त्याची मान आपोआप वळली.

"त्याच्या कंपनीचा नंबर आहे माझ्याकडे," तो तिकडेच बघत म्हणाला. "युद्ध संपून लाइन चालू झाली तेव्हापासून लावतो. रीतसर बुक करून, माझ्या पगारातून. वाजतो. कुणी उचलत नाही. पण वाजतो. तोडलेला नंबर वाजत नाही, बुवा."

बुवांनी इतरांना विचारलेला प्रश्न त्यालाही विचारला. "आधार, बंदूक सापडलीच नाही तर रविवारी काय होईल?"

"तर काहीच होणार नाही," तो चटकन म्हणाला. "वस्तू हातात आल्याशिवाय ठाण्यात जमा दाखवता येत नाही. आणि जमा झाल्याशिवाय धनी गेला असं धरता येत नाही. जसं आहे तसं राहील."

"किती दिवस?"

"सापडेपर्यंत."

निरोप घेऊन आम्ही स्टँडवर आलो. गाडी पारोळ्याच्या वाटेला लागली तसे बुवा खिडकीकडे तोंड करून बोलायला लागले. कीर्तनात पूर्वरंग संपून आख्यान सुरू होताना त्यांचा आवाज असाच उतरतो.

"माझ्या वडिलांची एक ठासणीची होती, गुलाबराव. बोदवडजवळ आमचं वावर, रानडुकरांचा उपद्रव, म्हणून पीक-संरक्षणाचा परवाना. वडील गेले. तेरावं झालं, पोलीस पाटील दारात. म्हणाला, काकू, परवानेवाला माणूस गेला, बंदूक ठाण्यात जमा करा. आई म्हणाली, बंदूक नाही. सापडत नाही. पाटील हेलपाटे घालून थकला. ती कडब्याच्या गंजीत होती. आई दर अमावस्येला काढायची, तेल लावायची, परत ठेवायची."

"पण कशाला?"

"मी तेच विचारलं. म्हणाली, लीलाधर, तू त्यांना अग्नी दिलास, तेरा दिवसांचं सगळं झालं, पण ही दिली की सरकारदरबारीही ते संपतात. तेवढं माझ्या हातानं होत नाही." बुवा माझ्याकडे वळले. "चोर कळला, बाबा. कळला नसता तर बरं होतं."

५. उत्तररंग

रविवारी दुपारी सगळे माळ्यावर जमले. छगनला बुवांनी शपथ घालून आणलं होतं. तो जिन्याच्या वरच्या पायरीवरच बसला. "नाव सांगल्याबिगर आत येनार नाही."

आधार पटापाशी होता. सुनंदा तोतारामच्या जागेवर.

"चोरी दोन कारणांनी होते," बुवा म्हणाले. "वस्तू हवी असते म्हणून, नाहीतर ती नसल्यानं एखादं काम अडावं म्हणून. हवी असती तर चांदीच्या तारेची दुनळी सोडून साधी ठासणीची कुणी नेली नसती. आठवण म्हणून नेली म्हणावं, तर तोतारामच्या हातचं घर भरून असलेल्या बाईंना तिची गरज नव्हती. म्हणजे ही चोरी काम अडवायला झाली. कोणतं काम? तोतारामला गेला म्हणण्याचं."

खालचं यंत्र बंद होतं. रविवार असल्यानं आवाज कसलाच नव्हता.

"मी सगळ्यांना एकच विचारलं, बंदूक नसली तर काय होईल? रतिलाल म्हणाला, दुसरी करू. छगन म्हणाला, वावर वाटलं जाईल. सुनंदाबाई म्हणाल्या, पाटी उचलतील. तिघांच्याही मते तिच्यावाचून काही अडत नव्हतं. ज्याला वाटतं की नेऊन उपयोग नाही, तो कशाला नेईल? उपयोग आहे हे एकालाच माहीत होतं, कारण तो नियम अजून त्याच्या डोक्यातून बाहेरच आला नव्हता. आणि बाकीच्या बंदुका त्या रिकाम्या खाचेत घरंगळून झिजू नयेत म्हणून कापूस लावण्याची माया हा खेळ रचणाऱ्यालाच असते."

आधारनं शर्टाच्या खिशात हात घातला. टेस्टरच्या शेजारून त्यानं ती काढली आणि पटावर ठेवली. काळपट, तेलानं चमकणारी.

"अरे, पन तू तं सूत्रधार!" छगन पायरीवरून उठला. "दोन शब्दांत नियम बदलला असता. म्हनला असता, तोतारामले सूट. आम्ही नाही म्हनलो असतो का?"

"एकासाठी वाकवला की तो नियम राहत नाही, छगनभाऊ. त्याच नियमाच्या भरवशावर तोताराम त्या गावात राहत होता."

"मंग चोरी कशी चालली?"

"चोरी मी केली. नियम नाही मोडला."

छगनला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "काय मानूस हाये हा! आठवडाभर मले चोर ठरवलं, आन नियम नाही मोडला म्हन्तो."

आधारनं त्याच्यापुढे हात जोडले. मग सुनंदाकडे वळला, पण तिच्याकडे बघणं त्याला जमेना. "वहिनी, तुम्ही म्हणाल तर आत्ता जमा करतो."

ती त्या बोटभर लाकडाकडे बघत होती. "जमा केली की ते गेले," ती म्हणाली. "नाही केली की मी अशीच बसायची. दर रविवारी, हात मांडीवर ठेवून. तुमच्या नियमात आणखी काही नाही का, भाऊजी? माणूस परमुलखात असला तर त्याच्या मागं वावर कोण राखतं?"

आधारनं मान वर केली. चष्म्याआड त्याचे डोळे जागे झाल्यासारखे दिसले. "आहे," तो म्हणाला. "खऱ्या परवान्यातही असतं. धन्याच्या वतीनं बंदूक बाळगायला राखणदाराचं नाव लावता येतं. धनी आहे की नाही हे त्यात कुणी विचारत नाही. मला... मला सुचलंच नाही."

"सुचलं असतं तर मला पाळी खेळावी लागली असती. तुम्हा सगळ्यांना मी नुसती बसलेलीच बरी दिसत होते."

रतिलालनं फासे तिच्यापुढे सरकवले. छगन पायरी ओलांडून आत आला आणि आपल्या जागेवर बसला.

तिनं बंदूक उचलली, तळहातावर तोलली, आणि नदीकाठच्या पडीक घरावर उभी केली. "मोकळा बार काढता येतो ना? हाक मारायला?"

"येतो. छर्रा न भरता. लांब कुणी वसाहतकरी असला तर तोही बार काढून उत्तर देतो." आधारनं तिच्यापुढचा एक फासा उचलला. "फासा मी टाकायचा असतो. सहा पडले तर उत्तर आलं."

"मग मी काढला. टाका."

फासा त्याच्या मुठीत होता. मूठ उघडेना. बुवांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे ओठ हलत होते. छगन हळूच म्हणाला, "टाक रे, भाऊ."

फासा पटावर घरंगळत गेला, तांबड्या जमिनीवरून, नदी ओलांडून, आणि थांबला. चार.

"उत्तर नाही," आधार म्हणाला. नियमाप्रमाणे सूत्रधारानं ते मोठ्यानं म्हणायचं असतं.

सुनंदानं मान हलवली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ती पटाकडे वाकून काही वेळ बघत राहिली, जणू पलीकडच्या रानात काही हलतंय का ते पाहत होती.

"तिथं पेरणीचे दिवस कधी असतात, भाऊजी?"

"आत्ताच आहेत."

"बरं," ती म्हणाली. "मग पेरते."